कोविडनंतरची महापालिका: सेवांची कामगिरी कोण तपासतं आणि आपण ती कशी वाचायची

९ मार्च २०२० ला महाराष्ट्रातले पहिले कोविड रुग्ण पुण्यात सापडले आणि नायडू रुग्णालयात दाखल झाले. त्यानंतर पुणेकरांना रोज संध्याकाळी महापालिकेचे आकडे बघायची सवय लागली. आज चाचण्या किती, नवे बाधित किती, ऑक्सिजनवर किती, कोणत्या क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत किती. महापालिकेने मनावर घेतलं तर रोजच्या रोज, भागवार आकडे काढता येतात आणि लोकांसमोर ठेवताही येतात, हे तेव्हा दिसलं. साथ ओसरली तसे ते आकडेही दिसेनासे झाले. मोजणं मात्र थांबलेलं नाही. ते पुन्हा फायलींत, आढावा बैठकांच्या सादरीकरणांत आणि स्थायी समितीच्या विषयपत्रांत जाऊन बसलं आहे.

ते तिथून बाहेर कसं काढायचं आणि हातात आल्यावर कसं वाचायचं, हे सांगण्यासाठी हा लेख. नव्या नगरसेवकांचं काम बघणारे कार्यकर्ते, सोसायटीचे सचिव, पत्रकारितेचे विद्यार्थी आणि निवृत्तीनंतर ‘आता जरा शहराकडे बघू’ म्हणणारी मंडळी डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. उदाहरण पुण्याचं घेतलं आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ ज्या शहरांना लागू आहे, तिथे थोड्याफार फरकाने हेच चालतं. मुंबईचा कायदा वेगळा, १८८८ सालचा, त्यामुळे तिथे समित्यांची नावं आणि रचना वेगळी.

पायरी १: कोण कोणाला विचारतं, ते आधी लावून घ्या

बरेच नवे लोक इथेच अडखळतात. ‘महापालिका’ म्हणजे एक माणूस नव्हे. तपासणीच्या तीन वेगळ्या जागा आहेत आणि तिन्हींचे कागद वेगळे असतात.

पहिली जागा प्रशासनाची. आयुक्त, त्यांच्या खाली अतिरिक्त आयुक्त, मग परिमंडळांचे उपायुक्त, आणि तुमच्या भागात क्षेत्रीय कार्यालयाचे महापालिका सहाय्यक आयुक्त. पुण्यात अशी १५ क्षेत्रीय कार्यालयं आहेत. आयुक्त खातेप्रमुखांच्या आढावा बैठका घेतात आणि तिथे आकडे मांडले जातात. हे आकडे खात्यानेच काढलेले आणि खात्यानेच मांडलेले असतात, एवढं लक्षात ठेवून ते बघायचे.

दुसरी जागा निवडून आलेल्यांची: मुख्य सभा, १६ सदस्यांची स्थायी समिती, विषय समित्या आणि प्रभाग समित्या. नगरसेवक मुख्य सभेसाठी लेखी प्रश्न देतात आणि प्रशासन लेखी उत्तर देतं. पुण्यात याला नुसतं ‘प्रश्नोत्तरे’ म्हणतात. सभेतल्या गदारोळाच्या बातम्या होतात, पण खरा माल बहुधा या प्रश्नोत्तरांच्या छापील पानांत असतो. एखाद्या नगरसेवकाने नीट प्रश्न विचारला असेल, तर प्रभागनिहाय तक्ता तिथे आयता मिळतो.

तिसरी जागा लेखापरीक्षकांची. महापालिकेचे मुख्य लेखापरीक्षक आपले आक्षेप स्थायी समितीपुढे ठेवतात. त्यापलीकडे राज्याचं लेखापरीक्षण आणि वेळ पडली तर कॅग, म्हणजे भारताचे नियंत्रक आणि महालेखापरीक्षक.

आता कोविडनंतरच्या काळाची एक अडचण. पुण्याच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळपास चार वर्षं प्रशासक होते. म्हणजे मुख्य सभेचे अधिकार, स्थायी समितीचे अधिकार आणि आयुक्तपद हे सगळं एकाच खुर्चीत. प्रस्ताव त्याच खुर्चीतून आणि मंजुरीही त्याच खुर्चीतून. या काळात कामं झाली नाहीत असं नाही. काही वेगाने झाली, कारण तहकुबी आणि भाषणं नव्हती. पण साथीनंतर आरोग्य, पाणी, कचरा पुन्हा रुळावर येत होते की नाही, हे विचारायच्या नेमक्या वर्षांत दुसरी जागा रिकामी होती. म्हणून २०२२ ते २०२५ मधली प्रश्नोत्तरं शोधत बसू नका. त्या काळासाठी प्रशासकांनी मंजूर केलेले ठराव, अंदाजपत्रकं आणि खात्यांच्या नोंदवह्या एवढाच आधार आहे. अंदाजपत्रकं संकेतस्थळावर असतात, बाकीचं बहुतेक माहिती अधिकारातूनच हाती येतं.

आणखी एक. सगळ्याच सेवा महापालिकेच्या नसतात. बस चालवते पीएमपीएमएल ही स्वतंत्र कंपनी. तिच्या तुटीत पुणे महापालिका ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के वाटा उचलते. वीज महावितरणची, सिग्नलची शिस्त वाहतूक पोलिसांची. चुकीच्या दारावर थाप मारण्यात नव्या माणसाचे पहिले दोन महिने सहज जातात.

पायरी २: एक सेवा, एक भाग

‘शहरातल्या सेवांचा दर्जा’ असा विषय घेतलात की संपलं. एक सेवा घ्या आणि एक क्षेत्रीय कार्यालय घ्या, शक्यतो स्वतः राहता तेच. त्यावर तीन-चार आकडे ठरवा आणि तेच दर महिन्याला लिहीत राहा. पाणी घेतलंत तर पुरवठ्याचे तास, अयोग्य ठरलेले नमुने, टँकरच्या खेपा. दवाखाना घेतलात तर बाह्यरुग्णांची संख्या, डॉक्टर-परिचारिकांची मंजूर आणि भरलेली पदं, संपलेली औषधं, लसीकरण. कचरा घेतलात तर घरोघरी संकलन किती घरांतून होतं आणि ओला-सुका वेगळा किती येतो.

कोणते आकडे घ्यावेत याची तयार यादी केंद्र सरकारच्या नगरविकास मंत्रालयाने २००८ मध्येच करून ठेवली आहे. तिला ‘सेवा स्तर मानके’ म्हणतात. पाणी, मलनिःसारण, घनकचरा आणि पावसाळी पाण्याचा निचरा, या चार सेवांसाठी मिळून २८ निर्देशक. पाण्याच्या यादीत माणशी रोज १३५ लिटर पुरवठा, २४ तास उपलब्धता, सगळ्या जोडांना मीटर आणि हिशेबाबाहेरचं पाणी २० टक्क्यांच्या आत, अशी उद्दिष्टं आहेत. त्यातल्या किती शहरांनी किती गाठली, हा प्रश्न जरा बाजूला ठेवू. यादी मात्र चांगली आहे आणि तिच्यात फारशी कुणाला माहीत नसलेली एक सोय आहे: प्रत्येक आकड्याला विश्वासार्हतेची श्रेणी. मीटरवर मोजलेला आकडा ‘अ’ श्रेणीत, आणि अनुभवावरून अंदाजे टाकलेला पार ‘ड’ मध्ये. तुमच्या वहीतही प्रत्येक आकड्यासमोर हे अक्षर लिहायची सवय ठेवा. ‘शहरात ९५ टक्के घरांतून कचरा गोळा होतो’ असं कुणी सांगितलं तर ते ‘अ’ आहे की ‘ड’, एवढं विचारलं तरी समोरचा सावरून बसतो.

पायरी ३: तुलना कशाशी करायची?

साथीनंतरच्या तपासणीत सगळ्यात जास्त फसगत इथे होते.

कुठलंही खातं सुधारणा दाखवताना मागच्या वर्षाशी तुलना करतं. मागचं वर्ष २०२०–२१ असेल तर जवळपास प्रत्येक सेवा ‘सुधारलेली’ दिसणार. पीएमपीएमएलची बस टाळेबंदीत बंद होती. ती सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा सुरू झाली. त्या वर्षाशी तुलना केली तर पुढचं कोणतंही वर्ष झकास दिसेल. म्हणून पाया २०१९–२० चा घ्या, तोही फेब्रुवारी २०२० पर्यंतचा. मार्चमध्येच सगळं बदलायला लागलं होतं.

दुसरी फसगत याच्या उलट. काही आकडे कमी झाले की बरं वाटतं, पण ते वाईट असतात. क्षयरोगाचं उदाहरण बघा. देशात २०१९ मध्ये सुमारे २४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती. २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. क्षयरोग सहा लाखांनी घटला नव्हता. लोक दवाखान्यात गेले नाहीत, थुंकीच्या चाचण्या झाल्या नाहीत आणि खोकला म्हटलं की कोविडचाच विचार होत होता. २०२२ मध्ये नोंद पुन्हा २४ लाखांवर गेली, तेव्हा ‘क्षयरोग वाढला’ असं म्हणणारेही भेटले. वाढली होती ती शोधमोहीम. आपल्या प्रभागातल्या दवाखान्याचे आकडे घेताना हीच शंका मनात ठेवा: रुग्ण कमी झाले की शोधणारे कमी झाले? डेंग्यूपासून लसीकरणापर्यंत सगळ्याला ही कसोटी लागू पडते.

तिसरी गोष्ट फक्त पुण्याची, पण फार महत्त्वाची. ३० जून २०२१ ला २३ गावं महापालिकेच्या हद्दीत आली. त्याआधी २०१७ मध्ये ११ आली होती. नंतर उरुळी देवाची आणि फुरसुंगी बाहेर काढली गेली. थोडक्यात, साथीच्या आधीचं पुणे आणि नंतरचं पुणे हे एक शहरच नाही. क्षेत्रफळात पुणे मुंबईलाही मागे टाकून गेलं, पण नव्या गावांत जलवाहिन्या, मलवाहिन्या आणि दवाखाने त्या वेगाने पोचले नाहीत. ‘दरडोई’ असा कोणताही आकडा समोर आला की भागिले कोणती लोकसंख्या धरली आहे, ते विचारा. जनगणना २०११ ची आहे. त्यानंतरचे सगळे आकडे अंदाज आहेत, आणि हे अंदाज सोयीप्रमाणे लहान-मोठे होतात. निधी मागताना लोकसंख्या फुगते, पाण्याच्या कोट्याचा हिशेब देताना तर फारच.

शेवटी, मृत्यू नोंदणीचे महिनानिहाय आकडे जमले तर जरूर काढा. जन्म-मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते आणि ती क्षेत्रीय कार्यालयात होते. साथीच्या लाटा किती खोल गेल्या, हे कुठल्याही अहवालापेक्षा या नोंदवहीत जास्त स्पष्ट दिसतं.

पायरी ४: आकडे कुठून काढायचे

सोप्याकडून अवघडाकडे जा.

आधी अंदाजपत्रक. संकेतस्थळावर असतं, जाडजूड असतं आणि पहिल्यांदा उघडल्यावर घाम फुटतो. सगळं वाचू नका. तुमच्या सेवेचं अर्थशीर्षक शोधा आणि त्या ओळीत तीन आकडे बघा: मागच्या वर्षीची तरतूद, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. घोषणा तरतुदीची होते. कामगिरी प्रत्यक्ष खर्चात दिसते. दवाखान्याच्या उपकरणांसाठी ठेवलेले पैसे वर्षाअखेरीस ‘वर्गीकरण’ होऊन, म्हणजे एका कामाची तरतूद दुसऱ्याकडे वळवून, कुठल्या तरी चौकाच्या सुशोभीकरणाला गेलेले असू शकतात. वर्गीकरणाचे प्रस्ताव स्थायी समितीत येतात आणि त्यांची यादी बघणं ही या छंदातली सगळ्यात रंजक संध्याकाळ असते, असं माझं मत. केंद्राकडून आलेल्या पैशाचाही असाच माग काढा. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी देशभरातल्या स्थानिक संस्थांना आरोग्यासाठी ७०,०५१ कोटी रुपयांची शिफारस केली होती. त्यात शहरी आरोग्य केंद्रं आणि तपासण्यांची सोय यांचा वाटा होता. आपल्या शहराला त्यातलं किती आलं आणि किती पडून राहिलं, हा एक नेमका आणि उत्तर देता येण्याजोगा प्रश्न आहे.

मग पर्यावरण स्थिती अहवाल. १९४९ च्या कायद्याप्रमाणे आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपर्यंत तो मुख्य सभेपुढे ठेवायचा असतो. पाणी, सांडपाणी, कचरा, हवा, सगळं एका जागी मिळतं. सलग पाच-सहा वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून एकच तक्ता बघा. काही आकडे वर्षानुवर्षं शेवटच्या अंकापर्यंत तसेच राहिलेले दिसले, तर मोजणी झालेली नाही, मागचं पान पुढे आलं आहे, हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही.

त्यानंतर माहिती अधिकार. अर्ज टाकण्याआधी कलम ४ (१) (ख) खाली स्वतःहून प्रसिद्ध केलेली १७ मुद्द्यांची माहिती बघून घ्या. मंजूर पदं आणि कर्मचाऱ्यांची यादी तिथेच असायला हवी. त्याहून चांगला रस्ता म्हणजे सोमवार. पुणे महापालिकेत आधीपासून असलेली आणि २०१८ च्या शासन आदेशाने राज्यभर नेलेली ही सोय: दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात अर्ज न करता कार्यालयातली कागदपत्रं बघता येतात. आधी एकदा जाऊन फाईल नुसती चाळा. नोंदवहीचं नेमकं नाव काय, रकाने कोणते, ती कोणत्या टेबलावर असते, हे कळलं की नंतरचा अर्ज अचूक होतो.

अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत हवा. ‘का केलं नाही’ असं विचारू नका. जन माहिती अधिकाऱ्याने कारणमीमांसा द्यायची नसते, असलेला कागद द्यायचा असतो. साधा नमुना असा:

‘विषय: पिण्याच्या पाण्याच्या तपासणीच्या नोंदी. कालावधी: १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६. तपशील: अमुक क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत नळाच्या पाण्यातील उर्वरित क्लोरीन तपासल्याच्या नोंदवहीची प्रत, तसेच याच कालावधीत प्रयोगशाळेने पिण्यास अयोग्य ठरवलेल्या नमुन्यांची महिनानिहाय यादी, नमुना घेतल्याचे ठिकाण व तारखेसह. माहिती टपालाने हवी.’

उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांच्या स्टॅम्पवर पहिलं अपील. बहुतेक माहिती अपिलाच्या सुनावणीच्या आदल्या आठवड्यात मिळते. का ते विचारू नका.

पायरी ५: ‘निकाली’ या शिक्क्यापुढे थांबा

साथीनंतर महापालिकांचा भर ॲप आणि पोर्टलवर वाढला. तक्रार टाका, क्रमांक मिळवा, निकाली निघाल्याचा संदेश घ्या. मग खातं सांगतं की ९० टक्क्यांहून जास्त तक्रारी मुदतीत निकाली. हा आकडा खोटा असेलच असं नाही, पण तो सेवेचा आकडा नाही. संगणकातल्या एका खुणेचा आहे. ‘संबंधित खात्याकडे वर्ग केली’ म्हणूनही तक्रार निकाली होते, ‘काम अंदाजपत्रकीय तरतुदीनुसार करण्यात येईल’ म्हणूनही होते.

म्हणून तक्रारींचे आकडे मागताना तीन गोष्टी मागा: निकाली काढताना लिहिलेला शेरा, त्याच पत्त्यावरून पुन्हा आलेल्या तक्रारी, आणि नागरिकाने पुन्हा उघडलेल्या तक्रारी. ड्रेनेजच्या एकाच चेंबरची तक्रार वर्षात पाचदा निकाली निघाली असेल तर कागदावर पाच यश आणि रस्त्यावर एक तुंबलेलं चेंबर.

दाखले, नोंदी, जोड अशा सेवांसाठी याहून धारदार हत्यार आहे: महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. अधिसूचित सेवेला ठरलेली मुदत असते, ती चुकली तर पहिलं आणि दुसरं अपील महापालिकेतच होतं, तिसरं राज्य सेवा हक्क आयोगाकडे जातं. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. रक्कम किरकोळ वाटते, पण दंड पगारातून जातो. लोक हा कायदा फारच कमी वापरतात. मुदतीत किती अर्ज निघाले हा आकडा आयोगालाही कळवावा लागतो, तेव्हा तो महापालिकेकडे तयार असतो, मागा.

पायरी ६: जाऊन बघा. पाण्याचं उदाहरण

आकड्यांवर कितीही प्रेम असलं तरी एक गोष्ट टाळता येत नाही: जागेवर जाणं. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागांत, गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडायला लागले. मज्जातंतूंवर हल्ला करणारा हा आजार, एरवी विरळा. पुणे परिसरातल्या संशयितांची संख्या पुढे दोनशेच्या वर गेली. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले. हे दोन्ही दूषित पाण्यातून किंवा अन्नातून येतात. सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे गेलं: नव्याने हद्दीत आलेल्या गावांना पाणी देणारी विहीर, टँकर, खासगी आरओ प्लांट.

कोविडने एवढी यंत्रणा उभी करून दिल्यावर ही वेळ यावी, याचं उत्तर एका वाक्यात देता येणार नाही. पण तपासणी शिकणाऱ्याला यात एक धडा आहे. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारं पाणी कागदावर उत्तम असतं. अहवालात येतात ते बहुतेक तिथले आकडे. माणूस पितो ते वाहिनीच्या शेवटच्या टोकाचं पाणी, आणि काही गावांत तर शुद्धीकरण केंद्रातून न जाता विहिरीतून फक्त क्लोरीन टाकून आलेलं. सरासरीत ही गावं दिसत नाहीत.

तपासायचं कसं? भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर उर्वरित क्लोरीन असायला हवं, आणि १०० मिलिलिटर पाण्यात कोलिफॉर्म जिवाणू अजिबात नकोत. क्लोरीनची चाचणी घरी करता येते. आरोग्य कर्मचारी तिला ‘ओटी टेस्ट’ म्हणतात. पाण्यात थेंब टाकायचे, पिवळा रंग किती गडद येतो ते पट्टीशी ताडायचं. किट बाजारात मिळतं. वाहिनीच्या सुरुवातीचं एक घर, मधलं एक आणि शेवटच्या टोकाचं एक, असे तीन नळ ठरवा. पाणी येताच नमुना घ्या, टाकीतला नको. तारीख, वेळ आणि रंगाचा आकडा लिहा. महापालिकेची त्याच तारखांची नोंदवही माहिती अधिकारात मागवून शेजारी ठेवा. शेवटच्या टोकाला सतत रंगच येत नसेल आणि नोंदवहीत मात्र रोज ०.५ लिहिलेलं असेल, तर तुमच्या हातात विचारण्याजोगी गोष्ट आहे. घरच्या किटचा निष्कर्ष पुरावा म्हणून नाचवू नका. त्यावरून महापालिकेला किंवा राज्य आरोग्य प्रयोगशाळेला अधिकृत नमुना घ्यायला लावा.

दवाखान्याचंही असंच. ‘कार्यरत’ असं लिहिलेला दवाखाना किती वाजता उघडतो, केसपेपर काढल्यावर डॉक्टर भेटतात का, औषध आतून मिळतं की बाहेरची चिठ्ठी, हे एका सकाळीत कळतं. तिथल्या कर्मचाऱ्यांशी अदबीने बोला. आकृतिबंधातली, म्हणजे मंजूर असलेली, पदं रिकामी असल्याचा सगळ्यात जास्त त्रास त्यांनाच होतो, आणि कोविडमध्ये ज्यांना कंत्राटावर घेतलं त्यांचं पुढे काय झालं हेही तेच सांगतात. कचऱ्याच्या बाबतीत ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सेवकांना विचारा. टाळेबंदीतही दारोदार आलेली ही माणसं गल्लीबद्दल कुठल्याही सर्वेक्षणापेक्षा जास्त जाणतात.

पायरी ७: साथीचा खर्च अजून तपासायचा आहे

कायद्याच्या कलम ६७ (३) खाली आयुक्तांना तातडीच्या प्रसंगी नेहमीची प्रक्रिया बाजूला ठेवून खर्च करता येतो. कोविडमध्ये तो अधिकार वापरला गेला, आणि वापरायलाच हवा होता. ऑक्सिजन लागतोय तेव्हा तीन निविदांची वाट बघत बसायचं नसतं. पण तेच कलम सांगतं की केलेली कारवाई, तिची कारणं आणि खर्च स्थायी समितीला आणि महापालिकेला कळवायचा. हे अहवाल मागा. कोविडसाठी उभारलेलं तात्पुरतं जंबो रुग्णालय संपल्यावर खाटा, व्हेंटिलेटर, ऑक्सिजन प्रकल्प कुठे गेले आणि आज चालू आहेत का, हा त्यातला सगळ्यात उपयोगी भाग. साठा नोंदवहीत उपकरणाचा क्रमांक असतो. त्यावरून ते प्रत्यक्ष शोधता येतं.

हे किती अवघड जाऊ शकतं ते मुंबईत दिसलं. कॅगने मुंबई महापालिकेच्या सुमारे १२,००० कोटी रुपयांच्या कामांचं विशेष लेखापरीक्षण केलं आणि मार्च २०२३ मध्ये अहवाल विधिमंडळात मांडला गेला. त्यातला साडेतीन हजार कोटींहून जास्त कोविड खर्च तपासताच आला नाही, कारण साथरोग कायदा आणि आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार घेऊन महापालिकेने कागदपत्रं दिली नाहीत. कॅगला जे मिळत नाही ते साध्या नागरिकाला काय मिळणार, असं वाटेल. प्रत्यक्षात लहान, नेमका प्रश्न कधीकधी जास्त पुढे जातो. बारा हजार कोटींचा हिशेब मागणाऱ्याला नकार मिळतो. ‘अमुक दवाखान्यातला अमुक क्रमांकाचा ऑक्सिजन काँसन्ट्रेटर’ विचारणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

क्रमवाऱ्यांबद्दल थोडंसं. केंद्राच्या म्युनिसिपल परफॉर्मन्स इंडेक्समध्ये, २०२० च्या फेरीत, दहा लाखांवरच्या शहरांत पिंपरी-चिंचवड चौथं आणि पुणे पाचवं होतं. स्वच्छ सर्वेक्षण तर दरवर्षी येतं. अभिमान वाटायला हरकत नाही, पण शहराच्या सरासरी गुणांवरून किरकटवाडीच्या नळाबद्दल काहीही कळत नाही.

पायरी ८: जमवलेलं सभेत न्या

चार-सहा महिन्यांच्या नोंदी झाल्या की एका पानाचं टिपण करा. वर सेवा आणि भाग, मध्ये एकच तक्ता, म्हणजे २०१९–२० चा आकडा, आजचा आकडा आणि तुम्ही जागेवर बघितलेला आकडा, आणि खाली तीन मागण्या. पहिली प्रत क्षेत्रीय कार्यालयात द्या आणि आवक क्रमांक घ्या; क्रमांक नसलेलं पत्र म्हणजे न दिलेलं पत्र. दुसरी तुमच्या प्रभागातल्या नगरसेवकांना द्या. पुण्यात एक अपवाद सोडला तर एका प्रभागाचे चार-चार नगरसेवक आहेत, म्हणून चौघांनाही द्या आणि प्रत्येकाला हे सांगा की बाकीच्या तिघांनाही दिलं आहे. हा छोटासा मजकूर पत्राच्या तळाशी लिहिला की काम आश्चर्यकारक वेगाने हलतं.

नगरसेवकांकडे भाषण मागू नका, लेखी प्रश्न मागा, आणि तो तुम्हीच तयार करून द्या: एक विषय, एक कालावधी, प्रभागनिहाय तक्ता. बऱ्याच नवनिर्वाचित मंडळींनी प्रश्नोत्तरांची पद्धत कधी बघितलेलीच नाही. चार वर्षांच्या खंडाने तो सराव मोडला आहे. तयार प्रश्न त्यांनाही हवाच असतो. पुढच्या मुख्य सभेच्या कार्यपत्रिकेत तो आला का, बघत राहा. सभा तहकूब झाली तर प्रश्न पुढच्या सभेत जातो, आणि दोन-तीन तहकुबींत तो कुणाच्याही लक्षात राहत नाही. तेव्हा आठवण तुम्हीच करायची.

उत्तर आल्यावर बहुधा ‘माहिती संकलित करण्याचे काम सुरू आहे’ असं असेल. ते कापून वहीत चिकटवा, तारीख टाका, आणि त्याच आठवड्यात त्याच विषयाचा माहिती अधिकार अर्ज द्या: ‘अमुक तारखेच्या लेखी उत्तरात नमूद केलेली, संकलनाधीन असलेली माहिती आजच्या स्थितीत आहे तशी मिळावी.’